खांद्याला झेपेल ते

"खांद्याचं ऑपरेशन कधी झालं तुमचं?" असं उल्काने टाइप केलं आणि बटण दाबण्याआधी ती क्षणभर थांबली. कंपनीने गिऱ्हाइकाला विचारायचे प्रश्न ठरवून दिले होते, त्यात हा नव्हता. शिकार कुठली करणार, किती लांबून नेम धरणार, बंदूक कुठल्या किमतीपर्यंतची हवी, एवढं विचारायचं आणि माल दाखवायचा. खांद्याची चौकशी करा असं कुणी सांगितलं नव्हतं. पण विचारल्याशिवाय तिला राहवेना. तिने बटण दाबलं.

पलीकडे अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात वॉल्टर नावाचे एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ रात्रीचं जेवण आटोपून कॉम्प्युटरसमोर बसले होते. इकडे हिंजवडीत नुकतं उजाडलं होतं आणि उल्काचा दुसरा चहा अजून व्हायचा होता. वॉल्टरना एल्कची शिकार करायची होती. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा दांडगा थोरला भाऊ. त्याच्यासाठी त्यांना नवी बंदूक हवी होती आणि ती शॉर्ट मॅग्नमच हवी होती. त्यातलीही चांगली जोरकस, तीनशे नंबरच्या काडतुसाची.

उल्काने जन्मात बंदूक हातात धरलेली नव्हती. बँकेच्या दारातल्या रखवालदाराच्या खांद्यावर पाहिली होती, तेवढीच ओळख. घरात अंडंसुद्धा येत नसे. तरी उन्हाळ्यापासून ती रोज पहाटे स्वारगेटहून कंपनीची बस पकडत होती आणि डोंगररानात भटकणाऱ्यांच्या एका परदेशी दुकानाची गिऱ्हाइकं चॅटवर सांभाळत होती. प्रशिक्षणात तिला सांगितलं होतं, मॅग्नम म्हणजे जास्त दारूचं, जास्त जोराचं काडतूस. शॉर्ट मॅग्नम म्हणजे जवळजवळ तोच जोर, पण काडतूस बुटकं आणि जाडं. काडतूस बुटकं म्हणून बंदुकीचा मधला भाग आखूड आणि बंदूक वजनाला कमी. डोंगर चढणाऱ्याला बरी. बाकीची पोरं हे पाठ करून मोकळी झाली. उल्काला मात्र एक प्रश्न पडला होता, तो तिने वर्गातच विचारला. बंदूक हलकी झाली आणि बार तेवढाच राहिला, तर धक्का कुणी खायचा? शिकवणारा हसून म्हणाला होता की खांद्याने, मॅडम, पण ते आपण सांगायचं नसतं.

हे "सांगायचं नसतं" तिला काही केल्या पचलं नव्हतं. त्याला कारण तिचा नवरा. श्रीनिवासचं लक्ष्मी रोडच्या एका बोळात चपला-बुटांचं दुकान होतं आणि लग्न झाल्यापासून उल्का त्याच्या जोडीने गल्ल्यावर बसत होती. भिंतीवर श्रीनिवासने स्वतःच्या हाताने पाटी रंगवली होती: "मोठा जोडा मागू नये. आपले पाय वाढायचे वय गेले." गिऱ्हाईक आलं की तो बुटक्या स्टुलावर बसायचा, त्याच्या दोन्ही पायांचं माप घ्यायचा, टाचेमागे पितळी पट्टी घालून बूट चढवायचा आणि दारापर्यंत चालून यायला लावायचा. चाल बघून मान हलवली तर संपलं. मग गिऱ्हाइकाने कितीही हट्ट करो, श्रीनिवास बूट खोक्यात भरून म्हणायचा, "तुमचा जोडा आमच्याकडे नाही. समोरच्या दुकानात बघा." अशी हाकललेली माणसं पुढल्या वर्षी पोराबाळांना घेऊन पुन्हा यायची. असं हे पुण्यातच चालू शकतं.

श्रीनिवास जाऊन आता तीन वर्षं झाली होती. दुकान तिने वर्षभर एकटीने ओढलं आणि मग बंद केलं. मुलगी तनया बंगळुरूला, तिचं एकच टुमणं होतं की आई, तिथे एकटी काय करतेस, इकडे ये. जावई भला होता, खोली वेगळी मिळणार होती. पण उल्काला दुसऱ्याच्या घरी वर्तमानपत्र वाचत जेवणाची वाट बघायची नव्हती. शेवटी दोघींचं ठरलं. कंपनीने दिवाळीनंतर कायम केलं तर आई पुण्यात राहील, नाहीतर निमूटपणे सामान बांधेल. म्हणजे या नोकरीवर तिचं घर, तिची गल्ली, तिचा सकाळचा चहा, सगळंच टांगलेलं होतं. श्रीनिवासची पितळी पट्टी ती पर्समध्ये घेऊन हिंडायची. कशाला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

वॉल्टरचं उत्तर आलं. ऑपरेशनला दोन हिवाळे झाले होते. आत्ता जी लांब मॅग्नम आहे ती जड पडते, चढावर दम लागतो, म्हणून हलकी हवी.

"एक विचारू का," उल्काने लिहिलं, "चाप ओढताना तुमचे डोळे मिटतात का?"

गिऱ्हाईक गेलं असं समजून तिने पुढच्या चॅटकडे हात नेला. मग अक्षरं आली.

"मिटतात. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. गेल्या वर्षी एका एल्कला नुसता जखमी केला. अंधार पडेपर्यंत रक्ताच्या खुणा धरून हिंडलो, सापडला नाही. म्हणून म्हटलं, या खेपेला आणखी चांगली बंदूक घ्यावी."

उल्काने चष्मा काढून पुसला. नोकरी धरली त्या दिवशी देवासमोर बसून तिने स्वतःशी एक ठरवलं होतं. लोक शिकार करणार, ती काही थांबवू शकत नव्हती. पण आपल्या सल्ल्याने एकही जनावर अर्धमेलं होऊन झाडीत कण्हत पडता कामा नये. त्या न सापडलेल्या एल्कचं तिला फार वाईट वाटलं, आणि त्याला शोधत हिंडलेल्या म्हाताऱ्याचंही.

समोर विक्रीचं पान उघडं होतं. तीनशेची शॉर्ट मॅग्नम, वजनाला कमी, सोबत दुर्बीण आणि पट्टा. एक वाक्य लिहिलं असतं तर सौदा झाला असता. तिने लिहिलं की ही बंदूक तुम्हाला वाहायला हलकी पडेल, पण झाडताना जुनीपेक्षा जास्त लागेल. आत्ता डोळे मिटतात, मग मानही फिरेल. जोराने जनावर पडत नाही, गोळी जागेवर लागल्याने पडतं. घरात आणखी एखादी बंदूक आहे का?

होती. त्यांच्या दिवंगत पत्नीची, हेलनची. सात मिलिमीटरची, साध्या काडतुसाची. ती कपाटात पडून होती. बायकी बंदूक म्हणून वॉल्टरनी कधी खांद्याला लावली नव्हती.

"हेलनबाईंनी त्या बंदुकीने एल्क मारले होते?"

"दरवर्षी," वॉल्टरनी लिहिलं.

मग उल्काने श्रीनिवासचंच वाक्य त्यांना जसंच्या तसं ऐकवलं. आमचा पुण्यात बुटांचा धंदा होता, माझे यजमान म्हणायचे की पायाला झेपेल तो जोडा, डोळ्याला आवडेल तो नव्हे. तसं खांद्याला झेपेल ते काडतूस घ्यावं. हेलनबाईंची बंदूक आधी निशाण्यावर झाडून बघा. जोर कमी आहे, तेव्हा जनावराच्या पुष्कळ जवळ जावं लागेल.

"जवळ जायला माझ्याकडे वेळच वेळ आहे," असं लिहून वॉल्टर गेले. विकलं गेलं ते बंदुकीच्या दस्त्याला, खांद्याला धक्का कमी लागावा म्हणून लावायचं एक रबरी गादीचं टोपण.

दुपार व्हायच्या आत राकेश तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. तो तिचा टीम लीडर, अमरावतीचा, तनयापेक्षाही लहान. त्याने कपाळाला हात लावला होता. चॅट वरपर्यंत गेलं होतं.

"काकू, तुम्ही त्याला घेऊ नको म्हणून सांगितलं? सेल्सच्या चॅटवर? काहून पण?"

"त्याला झेपणारी नव्हती रे."

"कन्फर्मेशन जवळ आलंय तुमचं. मी काय लिहू रिपोर्टमध्ये?"

"जे झालं ते लिही," उल्का म्हणाली. राकेश मान हलवून रिपोर्ट लिहायला गेला.

त्या आठवड्यात घरोघरी गणपती बसले. मॅनेजर नम्रताने तिला बोलावून गोड शब्दांत समजावलं की आपण इथे विकायला बसलो आहोत, उल्काताई, परतवायला नाही, आणि कायम करताना हे बघितलं जाईल. उल्काने ऐकून घेतलं. पुन्हा करणार नाही असं म्हणावं असं तिच्या मनात आलं होतं, पण ते जिभेवर येईना. घरी येऊन तिने माळ्यावरची मोठी सूटकेस खाली काढून पुसून ठेवली. रात्री तनयाच्या फोनवर ती त्याबद्दल काही बोलली नाही.

पुढचे दिवस तिने शिकवलेले प्रश्न शिकवल्याप्रमाणे विचारले. फक्त शेवटी खांद्याचं विचारल्याशिवाय तिचा हात काही थांबला नाही. कुणाकुणाला राग आला, कुणी छोट्या बंदुकीवर आलं, कुणी आपला हट्ट पुरवून घेतला. विक्रीत ती टीमच्या तळाला होती आणि ते भिंतीवरच्या पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं.

दिवाळी उलटली. कायम करण्याच्या दिवशी उल्काने सगळ्यांना चिवडा वाटला आणि जागेवर येऊन बसली. टेबलाखालचा कुलपाचा खण कायमच्या माणसांनाच मिळायचा, म्हणून तिची पर्स नेहमीसारखी मांडीवर होती. राकेश लगबगीने आला. हातातल्या टॅबवर वॉल्टरचा मजकूर होता. तिचं नाव त्यांना आठवत नव्हतं म्हणून त्यांनी "पुण्याच्या बूटवाल्या बाई" असं लिहिलं होतं.

वॉल्टर लिहीत होते की हेलनची बंदूक घेऊन ते जन्मात गेले नव्हते इतके जवळ गेले. सकाळभर गवतात पडून राहिले. डोळे उघडे होते. एकच गोळी झाडली आणि जनावर जागच्या जागी पडलं. त्यानंतर ते त्याच्याशेजारी बराच वेळ बसले आणि हेलन गेल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणी रडले. शेवटी एक ओळ होती. माझे दोन पाय दोन मापांचे आहेत, बूट कुठले घेऊ, हे त्या बाईंनाच विचारायचं आहे.

उल्काने डोळे मिटून त्या एल्कसाठी हात जोडले. मग तिला आनंद झाला, आणि एका जिवाच्या मरणाने आनंद झाला याची लाज काही तिला वाटली नाही.

नम्रताने आत बोलावलं. विक्री कमी आहे हे तिने आधी स्पष्ट सांगितलं. मग म्हणाली की वॉल्टर एकटेच नाहीत, तुम्हाला शोधत परत येणारी माणसं आता दर आठवड्याला येतात. बुटांच्या विभागात माल फार परत येतो, तिथे तुम्ही कायम होऊन जाल का?

सूटकेस उल्काच्या डोळ्यांसमोर आली. हो म्हणून उठावं, एवढंच करायचं होतं.

"बूट बघते," ती म्हणाली. "पण बंदुकांचीही चॅट्स मला हवीत. तिथे खांद्याचं विचारायला कुणीतरी पाहिजे."

नम्रताने हातातलं पेन खाली ठेवलं. "तुम्ही ऐकणार नाही, नाही का?"

"या वयात? नाही."

नम्रता हसली आणि तिने खणाची किल्ली पुढे केली.

जागेवर येऊन उल्काने खण उघडला. पर्समधली पितळी पट्टी काढून पदराने पुसली, आत ठेवली आणि खण लोटला. किल्ली लावली नाही. मग तिने वॉल्टरना लिहिलं की कागदावर उभे राहा, बसून माप घेऊ नका. दोन्ही पायांवर सारखा भार द्या आणि कडेने पेन्सिल फिरवा. मोठ्या पायाचं माप धरू, लहान पायाला आत गादी घालू.

"थांबा," पलीकडून आलं. "मोजे काढतो. पेन्सिल कुठे आहे बघतो."

"सावकाश," उल्काने लिहिलं. खुर्ची जरा खाली करून घेतली, हात मांडीवर ठेवले आणि श्रीनिवास स्टुलावर बसायचा तशी ती वाट बघत बसली.