हेल्मेटमधला आवाज

माझ्या नाकावर राग असतो हे सगळ्यांना माहीत आहे. कारखान्यात मला ठिणगी म्हणतात, ते काही मी वेल्डिंग करते म्हणून नाही. तरीही त्या दिवशी मी चाळीस किलोमीटर तोंडातून चकार शब्द काढला नाही. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं ऐकून कुणी मला शूर वगैरे समजायचं.

दर हिवाळ्यात आम्ही मोटरसायकलींवरून घाट चढून पलीकडच्या तळ्यापर्यंत जातो आणि रात्री तिथेच खोल्या घेऊन राहतो. एवढ्या थंडीत मरायला कशाला जाता, असं घरोघरी विचारतात, तरी आम्ही जातो. त्या वर्षी चार गाड्या होत्या आणि पाच माणसं. सगळ्यात पुढे माझा दादा आणि त्याच्या मागे वहिनी. मग बेकरीवाले काका, साठी उलटलेली, पोट गाडीच्या टाकीवर टेकतं. त्यांच्यामागे डॉक्टर, माणसांचा नव्हे, गुरांचा. आणि शेवटी मी.

नियम सगळे दादाने घातलेले. तो गाडी शिकवण्याची शाळा चालवतो. अर्ध्या शहराला त्याने क्लच आणि ब्रेक शिकवलाय, मलाही त्यानेच शिकवलं. पहिला नियम असा की कुणी कुणाच्या पुढे जायचं नाही. दुसरा असा की प्रत्येकाने आरशात मागच्याचा दिवा बघत राहायचं आणि दिवा दिसेनासा झाला की थांबायचं. शेवटचा थांबला की त्याच्या पुढचा थांबतो, मग त्याच्या पुढचा, असं करत सगळी रांग उभी राहते. आठ वर्षांत आमचं एकही माणूस मागे राहिलं नव्हतं, याचा दादाला फार अभिमान.

आणि प्रत्येकाच्या हेल्मेटमध्ये बोलायचं यंत्र. एकाने बोललेलं पाचही जणांना ऐकू येतं. फक्त आपल्याच गाडीवर मागे बसलेल्या माणसाशी बोलायचं असेल तर डाव्या कानापाशी एक बटन आहे, ते दाबलं की टुक असा आवाज येतो आणि ते दोघं बाकीच्यांपासून तुटतात. त्या सकाळी दादाने नवे हातमोजे घातले होते, गादीसारखे जाड. आणि हेल्मेटच्या आत लोकरीची टोपी, कानांवरून ओढलेली.

नऊला चहाला थांबलो होतो. निघताना अंगणातल्या बर्फावर दादाचा पाय सरकला आणि गाडी हळूच आडवी झाली. फार काही नाही, आरसा वाकडा झाला. वहिनी हसली. "शाळेत हा धडा कितवा असतो हो?" म्हणाली. काका हसले, डॉक्टर हसला, मीही हसले. दादासुद्धा हसला आणि त्याने काकांच्या पाठीवर थाप मारली. मग आम्ही निघालो.

पाचएक मिनिटांनी कानात आवाज आला.

"मजा आली?"

मला वाटलं, आम्हा सगळ्यांना विचारतोय. मी 'हो' म्हणणार तेवढ्यात तो पुढे बोलला.

"चारचौघांत माझी अब्रू काढायला मजा आली ना? थांब, खोलीवर पोचू दे."

टुक झालं नव्हतं. जाड मोज्यातल्या बोटाला बटन दाबलं असं वाटलं असणार आणि टोपीमुळे आवाज आला की नाही हे त्याला कळलं नसणार. आपण बायकोशी एकटेच बोलतोय अशा समजुतीत तो आमच्या सगळ्यांच्या कानात बोलत होता.

मी ओशाळले. खरं सांगायचं तर मला राग नाही, लाज वाटली. दुसऱ्याच्या झोपायच्या खोलीचं दार चुकून उघडावं तसं झालं. नवराबायकोचं भांडण आहे, दोन मिनिटांत संपेल, आता आपण बोललो तर त्यालाच मेल्याहून मेल्यासारखं होईल, असं मी मनात म्हणाले. माझा दादा आहे तो. शाळेत मला कुणी मारलं तर दप्तर फेकून धावणारा.

दोन मिनिटांत संपलं नाही.

तो ओरडत नव्हता. शिकवताना बोलतो तसाच बोलत होता, सावकाश, शब्दन् शब्द स्पष्ट. तिच्या आईबद्दल बोलला, तिच्या अंगाबद्दल बोलला, ते मी इथे सांगणार नाही. मध्येच त्याने समोर काही नसताना ब्रेक दाबला. पुढच्या वळणावर मला दिसलं, तिचं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर खाडकन आपटलं. कानातही तो खाडकन आवाज आला.

"लागलं?" दादा म्हणाला. "कुठे लागलं सांग. रात्री मोजू किती ठिकाणी लागलंय ते."

"नाही लागलं," वहिनी म्हणाली. एवढंच.

पुढे काकांची गाडी एकदम डगमगली, मग सावरली. डॉक्टर वळणावर मागे वळून माझ्याकडे बघत होता. त्याने बोटाने कान दाखवला, मग पुढे दादाकडे हात केला. काय करायचं, असं विचारत होता. मी मान हलवली आणि हेल्मेटच्या तोंडावर बोट ठेवलं. गप्प राहा.

तोवर माझं कारण बदललं होतं. आता मला भीती वाटत होती. त्याला आता कळलं की आम्ही सगळं ऐकलंय, तर तो त्याचा वचपा कुणावर काढेल? ती त्याच्या पाठीमागे बसलीय, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, रस्त्यावर सावलीत काचेसारखं गोठलेलं पाणी. आपण तोंड उघडायचं आणि त्याने हँडल फिरवायचं, असं झालं तर? हे कारण मला फार पटलं. ते धरून मी पुढचे वीस किलोमीटर काढले.

वहिनीची आणि माझी ओळख तिच्या लग्नाआधीची. ती आमच्याच कारखान्यात रंगाच्या खोलीत. मी दरवाजे जोडायचे, ती रंगवायची. डबा एकत्र खायचो. माझा दादा सोन्यासारखा आहे, असं मीच तिला सांगितलं होतं. लग्न मीच जुळवलं. आणि मागच्या वर्षी भर उन्हाळ्यात ती गळ्याला रुमाल बांधून कामाला येत होती, तेव्हा रंगाने पुरळ उठलंय असं ती म्हणाली आणि मी ते मानलं. रंगाचं पुरळ बोटांच्या आकाराचं नसतं, एवढं वेल्डरलाही कळतं.

घाटाच्या वरच्या टप्प्याला लागलो तेव्हा तो म्हणाला, "हात काढ."

"अहो..."

"माझ्या कमरेचे हात काढ. हसताना धरलं होतंस मला? मग आता कशाला धरतेस? मागच्या दांडीलाही हात लावायचा नाही. मांड्यांवर ठेव. दिसले पाहिजेत मला."

तो रस्ता तिथे नागमोडी आहे. माझ्या डोक्यावरच्या वळणावर मला ती दोघं स्पष्ट दिसत होती. वहिनीने हात काढले. मांड्यांवर ठेवले. दादाने गाडी डावीकडे झोकली, मग उजवीकडे, उगाचच, आणि ती मागे एखाद्या सैल बांधलेल्या गाठोड्यासारखी हलली.

"आता हस," तो म्हणाला. "हस ना. ऐकू येऊ दे."

आणि ती हसली. मी तो आवाज सांगू शकत नाही. माझ्या कानात, काकांच्या कानात, डॉक्टरच्या कानात ती हसली.

माझं डोकं फिरलं. तेव्हा मला सुचलं की मी नुसती थांबले तरी पुरे. माझा दिवा दिसला नाही की डॉक्टर थांबेल, मग काका, मग स्वतःच्याच नियमाने दादा. इतकं सोपं होतं, आणि ते मला पहिल्या किलोमीटरलाच सुचायला हवं होतं. पण शांतपणे थांबेन तर ती मी कसली? मी ब्रेक असा दाबला की जणू पायाखाली त्याचा गळा होता. चाक बर्फावर होतं. गाडी निसटली, मी तिच्याखाली गेले, डाव्या मनगटातून लाकूड मोडल्यासारखा आवाज आला आणि मी किंचाळले.

सगळ्यांच्या हेल्मेटमध्ये.

कानातलं बोलणं बंद पडलं. गाड्या थांबत गेल्याचे आवाज आले. मग दादा, अगदी हळू, कुणाला उद्देशून ते न कळेल असं म्हणाला, "तुम्हाला कधीपासून ऐकू येतंय?"

डॉक्टर गाडी उभी करून माझ्याकडे धावत खाली आला.

तो चालत माझ्यापर्यंत आला तेव्हा चेहरा नेहमीचा करून आला होता. तोपर्यंत डॉक्टरने माझ्या अंगावरची गाडी उचलली होती आणि मी हेल्मेट काढून रस्त्यात बसले होते. काका बाजूला उभे. वहिनी वर, गाडीपाशीच.

"ठिणगे, लागलं का गं?" दादा माझ्यासमोर उकिडवा बसला. मग बाकीच्यांकडे बघून हसला. "अरे, घरोघरी चालतं हे. काका, तुम्हाला काय सांगायचं, तुमची तर चाळीस वर्षं झाली लग्नाला."

काकांनी मान खाली घातली. मी माझं हेल्मेट उजव्या हातात धरलं आणि त्याच्या तोंडावर हाणलं.

पहिला फटका नाकावर बसला. ते मोडलेलं मला हाताला कळलं. तो मागे कोसळला, मी गुडघ्यांवर सरकत गेले आणि दुसरा हाणला, तिसरा हाणला. तोंडाने मी काय बोलत होते आठवत नाही. त्याने पाय झाडला तो नेमका माझ्या मोडलेल्या मनगटावर, आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग तो माझ्यावर आला. माझे केस धरून त्याने माझं डोकं रस्त्यावर आपटलं, एकदा, दोनदा, त्याच्या नाकातलं रक्त माझ्या तोंडात पडत होतं, आणि तो त्याच शिकवायच्या आवाजात म्हणत होता, "मोठ्या भावावर? मोठ्या भावावर हात?"

डॉक्टरने त्याला मागून मानेला धरून ओढलं. गाईबैलांना धरणारे हात आहेत ते. दादाने त्याच्या पोटात कोपर मारलं, डॉक्टरने त्याला कड्यावर नेऊन आदळलं आणि तो खाली बसेपर्यंत आदळत राहिला. काका मध्ये पडायला गेले आणि दोघांचाही एकेक ठोसा खाऊन बाजूला झाले. सारं दोनतीन मिनिटांत आटोपलं. दादा रस्त्याच्या कडेला दात थुंकत होता. पांढऱ्या बर्फावर लाल डाग पडले होते आणि आम्ही चौघंही धापा टाकत होतो.

वहिनी खाली आली. हेल्मेट काढलेलं, कपाळाच्या कडेला टेंगूळ आलेलं. दादाकडे तिने पाहिलंही नाही. माझ्याजवळ बसली आणि माझं मनगट हळूच उचलून बघितलं.

"मोडलंय," म्हणाली.

"मोडू दे," मी म्हणाले. मला रडू फुटलं होतं. "तू सुटलीस ना. आता माझ्या घरी चल. मी बघते कोण तुला हात लावतो ते."

"तू कधीपासून ऐकत होतीस?"

"वहिनी, अगं, त्याला कळलं असतं तर त्याने तुला दरीत..."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून," मी म्हणाले.

तिने मान डोलावली. माझं मनगट माझ्या मांडीवर ठेवलं.

"बटन लागलं नव्हतं ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "मी टोपी नव्हती घातली. टुक वाजलं नाही ते मला तेव्हाच कळलं. मी मुद्दाम त्याला सांगितलं नाही."

मला आधी अर्थच लागेना. काका आमच्याकडे बघत होते आणि त्यांना तो माझ्या आधी लागला. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"लोकांसमोर तो काहीच करत नाही गं," वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, राग असता तर मला बरं वाटलं असतं. "इतक्या वर्षांत कधीच नाही. तुमच्यातलं कुणी नुसतं खोकलं असतं तरी तो जागच्या जागी गप्प झाला असता. हॅलो म्हणालं असतं तरी. मला वाटलं, आता बोलेल कुणीतरी. पुढच्या वळणावर बोलेल. मग त्याने हसायला सांगितलं. तेव्हा मी तुमच्यासाठीच हसले, मोठ्याने. म्हटलं, आता तरी."

खालून एक गाडी येत होती, रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकणारी. आमच्या रस्त्यातच सोडलेल्या गाड्या बघून ती थांबली. ड्रायव्हरने काच खाली केली आणि आमचे चेहरे बघितले. घाटमाथ्यावर गाडी वळवून तो परत खाली जाणार होता. "मला खाली नेता का?" वहिनीने त्याला विचारलं. तो म्हणाला, बसा.

डॉक्टर म्हणाला, "मी सोडतो ना तुम्हाला. माझ्या गाडीवर चला."

"नको," ती म्हणाली. "तुमच्यापैकी कुणाच्याच मागे नको."

मी उठायचा प्रयत्न केला. "मी येते तुझ्यासोबत," म्हणाले. "थांब ना. अगं, मी तुझी मैत्रीण आहे."

तिने पायरीवर पाय ठेवला होता. ती वळली आणि माझ्या फुटलेल्या डोक्याकडे, मोडलेल्या हाताकडे नीट बघितलं, एखादं काम बरं झालंय की नाही ते बघावं तसं.

"हे सगळं नको होतं मला," ती म्हणाली. "तू फक्त माझं नाव घ्यायचं होतंस."

तिने दार ओढून घेतलं. ड्रायव्हरने भोंगा वाजवला, आणि आम्ही रस्त्यातल्या गाड्या बाजूला घेऊन त्यांना वाट करून दिली.