हिरवी न होणारी ओळ

असं समज, की माळावर तुझ्यापुढं तीनशे मेंढरं उभी आहेत. सगळी काळी, सगळी एकसारखी. त्यांतली लस टोचून झालेली डावीकडं आणि राहिलेली उजवीकडं करायची आहेत. काय करशील? एकेकीच्या कानात जाऊन सांगशील? छे! टोचून झालं की पाठीवर गेरूचा एक ठिपका देशील, आणि कुंपणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला एकदाच सांगशील, "ठिपकेवाली डावीकडं सोड." ठिपका ही झाली खूण. माणसाला सांगितलं तो झाला नियम. दोन्ही असतील तरच काम होतं. नुसत्या नियमानं एकही मेंढरू हलणार नाही.

वेबपानावरचे रंग असेच चढतात. ज्या ओळीला रंग द्यायचा तिला एक खूण लावतात, तिला क्लास म्हणतात. आणि पानाच्या माथ्यात, जो भाग आपल्याला दिसत नाही, तिथं स्टाईल नावाचा टॅग घालून नियम लिहितात, की ही खूण असलेली ओळ हिरवी दिसावी. हे सगळं आधीच करून ठेवायला लागतं असं नाही. पानात लिहून ठेवलेली स्क्रिप्ट, म्हणजे सूचनांची यादी, पान उघडल्यावर हे आपोआप करते. टॅग बनवते, त्यात नियम लिहिते, तो माथ्यात नेऊन बसवते आणि मग हव्या त्या ओळींना खुणा लावते.

शिवांजली हे आठवीत शिकली. तिचं गाव माण तालुक्यात. तिचे आजोबा बिराप्पा मेंढरं राखतात. त्यांना अक्षरओळख नाही, पण ते म्हणतात, "मला अक्षर कळत न्हाई, रंग कळतो."

आदल्या वर्षी गावात मेंढरांना लस टोचायला डॉक्टर आले होते. पंचायतीतून पाचही वस्त्यांना एकदम फोन गेले आणि सगळे कळप एकाच वेळी मैदानात घुसले. मेंढरात मेंढरं मिसळली. ती निवडता निवडता दिवस मावळला, आणि एका एडक्यावर दोन घरांनी हक्क सांगितला तो वेगळाच. म्हणून या वर्षी ग्रामपंचायतीच्या वेबपानावर पाच वस्त्यांच्या पाच ओळी केल्या, बिराप्पांच्या वस्तीची सगळ्यांत वर. पुढं एक चौकट, 'बोलावणं'. पंचायतीचे शिपाई नानासो मैदानातून आपल्या फोनवरनं त्या चौकटीत बोलावणं आहे की नाही ते लिहिणार, आणि बोलावणं असलं की शिवांजलीची स्क्रिप्ट ती ओळ हिरवी करणार. पानाची मूळ रंगरचना साताऱ्याच्या एका मुलानं करून दिलेली होती, तिला हात लावायचा नाही असं ठरलं होतं. म्हणून तिनं हिरव्याचा नियम स्क्रिप्टकडूनच माथ्यात घालून घेतला होता. आदल्या दिवशी तिनं घरी करून पाहिलं, ओळ झक्कास हिरवी झाली.

ग्रामसभेत बिराप्पांनीच सगळ्यांना बजावलं होतं, "वळ हिरवी झाल्याबिगर कुणी कळप हलवायचा न्हाई. मी बी हलवणार न्हाई."

लसीच्या दिवशी डॉक्टर साडेदहाला आले. बर्फाची पेटी कडुलिंबाच्या सावलीत ठेवली. पहिला मान बिराप्पांच्या खालच्या वस्तीचा होता, कारण त्यांचा कळप दुसऱ्या दिवशी पहाटे कडेगावकडं, उसाच्या मोकळ्या झालेल्या रानांत खतासाठी बसायला निघणार होता. एकदा निघाला की चार महिने परत येणार नव्हता. आज टोचणी चुकली तर ती चुकलीच.

नानासोंनी फोनवर लिहिलं आणि सगळे वाट बघत बसले. अकरा वाजले. साडेअकरा वाजले. मैदानात एक शेपूटही दिसेना.

डॉक्टर घड्याळ बघून म्हणाले, "पुढच्या गावात लोक खोळंबलेत. बारापर्यंत थांबतो. त्यानंतर पेटी उचलावीच लागेल."

नानासोंनी बिराप्पांना फोन लावला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केला.

"आवं बिराप्पा, कुठं हायसा? डॉक्टर निघालं की!"

"आमी ओढ्याच्या काठाला हुबं हाय कवापासनं. वळ पांढरीच हाय."

"असू दे पांढरी. मी सांगतोय न्हवं? या की!"

"गेल्या साली बी तू असाच फोन केलतास, नानासो. पाचीच्या पाची वस्त्यास्नी एकदम. आज मीच हललो तर बाकीची गप बसत्याल व्हय? माझ्या नातीच्या पाटीवर हिरवं दिसू दे, तवा निघतो."

फोन बंद झाला. शिवांजलीचं तोंड एवढंसं झालं. आजोबा हलणार नव्हते, कारण त्यांचा विश्वास होता तिच्या पानावर. आणि ते पान तर गप्प बसलं होतं.

मी तिची शिकवणारी बाई. लॅपटॉप घेऊन ती माझ्याजवळ आली. खोट कुठं आहे ते मलाही ठाऊक नव्हतं.

"बस आधी," मी म्हणाले. "आपल्याला दोनच गोष्टी बघायच्या आहेत. नियम आहे का, आणि खूण आहे का. पहिला नियम बघ."

तिनं पानाची आतली बाजू उघडली. माथ्यात स्टाईलचा टॅग होता, त्यात हिरव्या रंगाचा नियमही होता.

"नियम हाय, बाई."

"छान. म्हणजे अर्धं काम बरोबर आहे. आता खूण."

तिनं खालच्या वस्तीची ओळ पाहिली. "खूण न्हाई लागली."

"खूण कधी लावायची, असं तू लिहिलंस?"

"बोलावण्याच्या चौकटीत 'आहे' असं लिवलेलं दिसलं की."

"मग चौकटीत ते आहे का?"

"हाय."

"नीट वाच."

"हाय की, बाई! नानासोकाकांनी लिवलंय. हाय."

"मग खूण लागायला पाहिजे."

"तेच म्हणतीय मी!" ती रडकुंडीला आली. दहा मिनिटं उरली होती. डॉक्टरांनी पेटीचं झाकण लावायला घेतलं होतं.

"शिवांजली," मी म्हणाले, "शब्द वाचू नकोस. अक्षरं वाच. लहान मुलं वाचतात तशी, एकेक."

तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "ह ला काना हा. य." ती थांबली. पुन्हा वाचलं. "हा... य." मग तिनं आपल्या स्क्रिप्टमधला शब्द वाचला. "आ. हे."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "बाई, काल मी पुस्तकातलं 'आहे' लिवलेलं. काकांनी आपलं 'हाय' लिवलं. मी तीनदा वाचलं आन तिन्ही बारीला मला बरूबरच वाटलं!"

मलाही बरोबरच वाटलं होतं. आपल्या कानांना 'हाय' आणि 'आहे' एकच. पण स्क्रिप्टला कान नसतात, तिला फक्त अक्षरं दिसतात. तिला 'आहे' शोधायला सांगितलं होतं, ते तिला सापडलं नव्हतं, म्हणून ती निमूट बसून राहिली होती.

शिवांजलीनं सूचनेत दोनच शब्द वाढवले, 'किंवा हाय'. पान जाग्यावर चढवलं आणि फोन लावला. "आबा, पान बोटानं खाली वढा एकदा."

"वढलं."

"काय दिसतंय?"

 पलीकडून बिराप्पांचा आवाज आला, पण तो आमच्यासाठी नव्हता. "हल्ल्या! हल्ल्या! चला गं बायांनो, हिरवं झालं!" आणि पाठोपाठ तीनशे मेंढरांचा एकच गलका.

शिवांजलीनं फोन खाली ठेवला आणि एवढा मोठा श्वास सोडला की नानासो हसायलाच लागले. डॉक्टरही हसले. त्यांनी झाकण बाजूला ठेवलं, पुढच्या गावाला फोन करून तासभर उशीर होईल असं कळवलं आणि अस्तन्या वर केल्या. बाराला पाच कमी असताना ओढ्याच्या अंगानं घंट्या ऐकू येऊ लागल्या. कळप एकटाच आला, सरळ ओळीत आला, त्यात दुसऱ्या कुणाचं एक कोकरूसुद्धा नव्हतं. बिराप्पा सगळ्यांत मागं होते. येता येता त्यांनी फोन उंच धरून तो पडदा नातीला दाखवला, जणू तिनं तो पाहिलाच नव्हता.

टोचणी सुरू झाली तशी नानासो ओशाळून जवळ आले. "पोरी, माझ्यामुळं लय घोळ झाला बघ. फुडच्या टायमाला पुस्तकातल्यावानी शुद्ध लिवतो."

"नगा, काका," शिवांजली म्हणाली. "तुमी बोलता तसंच लिवा."

आणि तिनं दप्तरातनं वही काढली, कोरं पान उघडलं, नानासोंच्या पुढ्यात मांडी घालून बसली आणि विचारलं, "आता 'न्हाई' सांगा. किती परकारांनी लिवता?"