पिवळं विरजण

"दही पिवळं कावून हाय गं?" शहादेवनं विचारलं खरं, पण तोवर अर्धी भाकरी त्याच दह्याबरोबर पोटात गेली होती.

"तुमच्याच कारखान्याचं हाय की." पंचशीला तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "आपुन लगनाला गेलतो तवा घरचं इरजण नासलं. परवा तुमच्या पिशवीत बाटली सापडली. म्हणलं, चला, आठवण ठिवून आणलं माणसानं."

शहादेवच्या तोंडातला घास तिथंच थांबला. तो ना गिळवेना, ना थुंकवेना. बायकोनं केलेल्या कौतुकावर थुंकणार तरी कसं?

सिरसाळ्याच्या रस्त्यावर व्हिटॅमिनचा कारखाना आहे. शहादेव तिथं टाकी सांभाळतो. टाकीत उसाची मळी असते आणि मळीत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात. मुळात हा जिवाणू आपल्यापुरतंच व्हिटॅमिन करणारा, साधा संसारी जीव. शास्त्रज्ञांनी त्याच्या जनुकांत फेरफार करून त्याला असा बनवला, की स्वतःचं भागलं तरी तो थांबतच नाही. असे जीव शहादेवनं याआधी फक्त पुढाऱ्यांत पाहिले होते. फरक एवढाच, की जिवाणू केलेलं सगळं बाहेर टाकतो. टाकी हळदीसारखी पिवळी होते आणि तो पिवळेपणा पुढं गोळ्यांत आणि कोंबड्यांच्या खाद्यात जातो. जिवाणूचा एक थेंबही फाटकाबाहेर जाऊ द्यायचा नाही, असा कारखान्याचा नियम आहे. परवा टाकीतला नमुना प्रयोगशाळेत द्यायचा होता. तेवढ्यात कामगारांच्या गाडीनं हॉर्न मारला आणि शहादेवनं घाईत बाटली हातातल्या पिशवीत टाकली. घरी आल्यावर ती त्याच्या डोक्यातून साफ गेली होती.

पंचशीलाला बोल लावायलाही जागा नव्हती. नोकरी लागल्यापासून शहादेव आल्यागेल्याला आपलं काम समजावून सांगत असे, "सोपं हाय बगा. दूध तशी मळी. तिला इरजण लावायचं, ऊब द्यायची, की व्हिटॅमिन जमतंय." ऐकणारे माना डोलवत. त्या माना डोलताना पाहण्यासाठी तो हे पुन्हा पुन्हा सांगे. घरात एकटी पंचशीलाच ते मन लावून ऐकत होती.

त्यानं घास कसाबसा गिळला आणि स्वप्नाली मॅडमना फोन लावला. मॅडम प्रयोगशाळेच्या प्रमुख.

"मॅडम, टाकीतलं ते... समजा कुनाच्या पोटात गेलं तर?"

"कुणाच्या?"

"समजा म्हणलं."

"सहसा काही होत नाही. पण तो जिवाणू खाण्यासाठी तपासलेला नाही. लहान मूल, म्हातारं माणूस असेल तर काही होणार नाही असं मी लिहून देणार नाही. शहादेव, काय झालंय?"

शहादेवनं फोन ठेवला. काही होणारच नसतं तर मॅडमनं सहसा कशाला म्हटलं असतं?

"कुनाकुनाला दिलं?" त्यानं विचारलं.

पंचशीलानं तवा उतरवला. आता तिचाही चेहरा उतरला होता. "छबूवैनीला. वाटीभर. काल."

"आबाच्या घरी?"

"तिचं बी नासलतं. कुनाला सांगू नको म्हणली. पदराखाली झाकून नेलं."

शहादेवनं ताट बाजूला सारलं.

सुंदरराव आबांचं वय ऐंशीच्या पुढं. शहादेवच्या बौद्ध वस्तीवरचं पाणी त्यांच्या घराला कधी चाललं नव्हतं. तसे आबा सुधारलेले. भीमजयंतीला हार घालायला सर्वांत आधी येत, भाषण करत, आणि पाणी प्यायला घरी जात. छबुबाई ही त्यांची सून. ती आणि पंचशीला बचत गटात शेजारीशेजारी बसू लागल्या आणि आबांना न विचारताच त्यांची मैत्री झाली. आता आबांचं पोट बिघडलं, तर गाव जिवाणूचं नाव घेणार होतं थोडंच? वस्तीवरच्यांनी म्हाताऱ्याला दह्यातून विष घातलं, एवढंच निघणार होतं. आणि म्हातारा खरंच गेला तर? पुढचा विचार शहादेवच्या डोक्यात शिरायला तयार होईना. पायात चपला उलट्यासुलट्या अडकवून तो निघाला.

"मी बी येते."

"तू नगं. एकानंच मार खाल्लेला बरा."

आबा ओट्यावर पितळी पेला घेऊन बसले होते. पेल्यात ताक होतं. तसलं पिवळं ताक गावात दुसरीकडं कुठं मिळणं शक्य नव्हतं.

"ये बे शादेवा! बरा आलास. छबू, ह्याला बी ताक दे."

छबुबाई कागदी ग्लासातून ताक घेऊन आली. कागदी ग्लास सगळ्याच पाहुण्यांसाठी आणलेले होते, पण निघत काही ठरावीक पाहुण्यांसाठीच. तिनं ग्लास ओट्याच्या कडेला ठेवला, मागं सरकली आणि 'काही बोलू नका' अशा नजरेनं शहादेवकडं पाहू लागली.

"आबा, ते ताक पिऊ नका."

"कावून?"

"त्यात किडं हायती. कारखान्याचं."

आबा खदखदून हसले. "आरं, दही म्हंजी किडंच की! मला शिकवतो व्हय? रंग बग, लोन्यासारखा. सकाळपून दोन पेलं झालं. छबू, आन आनखी!"

"आबा, तुमच्या वयाला बाधंल."

"तुमाला दुसऱ्याचं दूध-दुभतं बगवत न्हाई, बग." आबांनी हातातला पेला ओठाला लावला.

म्हातारा जिवाणूला भीत नव्हता, मरणालाही भीत नव्हता. तो कशाला भितो हे शहादेवला लहानपणापासून ठाऊक होतं. त्यानं एकवार छबुबाईकडं पाहिलं. तिनं हलकेच मान हलवली. नको.

"आबा," तो म्हणाला. आवाज आपलाच आहे का, अशी त्याला शंका आली. "ते इरजण आमच्या घरचं हाय. गटाच्या बैठकीत वाट्या बदलल्या. छबूवैनीला काईच ठावं न्हाई."

पेला ओठापाशीच थांबला. आबांनी तो सावकाश खाली ठेवला. आरडाओरडा नाही, शिवी नाही. सुधारलेले होते ना! ते उठले, रांजणापाशी गेले आणि चूळ भरली. मग आणखी एक. मग आणखी एक. पाणी अंगणात लांबवर पडत होतं.

"राहिल्यालं दही द्या वैनी," शहादेव हळूच म्हणाला. "उकळून पुरून टाकायचं हाय. आनि आबाच्या पोटात काई वाटलं तर लगेच सांगा. मी दवाखान्यात नेतो."

छबुबाई आत गेली आणि पातेलं घेऊन आली. शहादेव सवयीनं मागं सरला. ती ते ओट्यावर ठेवणार आणि मग आपण उचलणार, हे ठरलेलंच होतं.

आबा चूळ भरता भरता वळून पाहत होते. छबुबाईनं पातेलं ओट्यावर ठेवलं नाही. ती पायरी उतरली आणि ते तिनं शहादेवच्या हातात दिलं. पातेल्यातलं पिवळं दही डुचमळलं.