डाव्या खांद्याची गादी

आंबी गावात स्नेहलच्या शिवणकामाला नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती. त्यामुळे तिच्याच लेकीचा, अपेक्षाचा गणवेश उजव्या खांद्याला वर चढतो, असं सासूबाई विठाबाईंनी चारचौघींत काढलं, तेव्हा तिने कुठलाही स्वाभिमानी टेलर करील तेच केलं. डाव्या खांद्यात कापडाची गादी घातली. खांदे सरळ झाले. शाळेतल्या आरोग्य तपासणीत अपेक्षा पास झाली. तपासणी गणवेशावरूनच झाली होती.

पुढे कबड्डीच्या संघाला तयार जर्सी आल्या. तयार जर्सीला कुणाच्या लेकीची माया नसते. खेळाच्या बाईंनी अपेक्षाला पाठमोरी पाहिलं आणि वडगावला डॉक्टरकडे न्यायला सांगितलं.

"पाठ उघडी कर. पाय जुळव, तळवे जोड आणि खाली वाक," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

अपेक्षा वाकली आणि पाठीवर उजवीकडे टेकाड उभं राहिलं. डॉक्टरांनी गवंड्याच्या लेव्हलसारखं एक छोटं यंत्र त्यावर आडवं ठेवलं. "नऊ अंश."

"दप्तरानं झालं का ओ मॅडम?" स्नेहलने विचारलं.

"दप्तर निर्दोष आहे. एक्स-रे काढून मणक्याचा कोन मोजू. पण बाक वाढतोय का, ते कसं कळणार? आधीचा एक्स-रे आहे?"

"न्हाई."

"गादी वाढलीय," अपेक्षा वाकल्या-वाकल्या म्हणाली. "सहावीत एकपदरी व्हती. आता तीनपदरी."

"तू मोजलीस?" डॉक्टरांनी विचारलं.

"टोचती ना ती खांद्याला."

डॉक्टर स्नेहलकडे वळल्या. "म्हणजे तुम्हाला दिसत होतं."

"कापडात दिसत व्हतं, मॅडम. पोरीत बघितलंच न्हाई."

एक्स-रेत अठ्ठावीस अंश निघाले. हाडांची वाढ अजून बाकी होती. म्हणजे बाक वाढायला वाव होता, आणि धडाभोवती घालायच्या कडक पट्ट्याने तो थोपवायलाही. वाढ संपल्यावर पट्ट्याचा उपयोग नसतो, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं.

स्नेहलचं डोकं तोवर कात्रीवर गेलं होतं. "पट्ट्यावरनं ढगळ शिवते. कुणाला कळायचं न्हाई."

"नको," अपेक्षा म्हणाली. "फिटिंगचं शिव. दिसू दे. दिसला न्हाई तर मी शाळेत काढून ठेवीन, आन कुणाला कळायचं न्हाई."

स्नेहल लेकीकडे बघत राहिली. मग तिने डॉक्टरांना विचारलं, "कवा कवा घालायचा?"

"आंघोळ आणि कबड्डी सोडून कायम."