बंधाऱ्यातला दगड

मोहाची पहिली फुलं द्रोणात घेऊन चैतू बुधरीच्या दगडाकडे गेला, आणि दगड जागेवर नव्हता.

आधी त्याला वाटलं, आपणच चुकलो. पण ऐनाचं झाड तेच होतं. झाडाखाली आजे-पणज्यांचे उंच दगड होते तसेच उभे होते. कडेच्या बुधरीच्या जागी मात्र नुसता खळगा होता आणि त्यात वाळकी पानं साचली होती. चैतूने पानं उपसून पाहिली. खाली ओली माती लागली.

मरकेटोल्यात माणूस गेलं की त्याच्या नावाचा दगड उभा करतात. बाईचा दगड तिचा भाऊ डोंगरावरून आणतो आणि वाटेत कुठेही खाली टेकवत नाही. चैतूची बायको बुधरी पावसाळ्यात तापाने गेली. दिवाळीनंतर तिचा भाऊ सुकलू एकट्याने दगड घेऊन आला. एकट्याला पेलेल एवढाच होता तो, काळा, मधून पांढरी रेघ गेलेला. नवं मोहफूल आधी त्या दगडापुढे ठेवायचं आणि मगच घरात खायचं. बुधरी गेल्यानंतरचं हे पहिलंच मोहफूल होतं.

सुकलूही त्यासाठीच पलीकडच्या टोल्यावरून, म्हणजे पाड्यावरून आला होता. तो मागून येऊन उभा राहिला. खळग्याकडे बघत त्याने विचारलं.

"भाऊजी, दगड कुठी हाय?"

"मीच पाहून राह्यलो."

"तुम्ही कंपनीवाले. तुमची वस्तू तुमाले मालूम राहाले पायजे."

सुकलूला बोचकारायची सवयच होती. बुधरी असती तर तिने त्याला तिथेच गप्प केलं असतं.

शेजारची सोमारी मोहाची टोपली घेऊन जात होती. तिला विचारलं, तर तिने टोपली खाली ठेवली आणि नाल्याकडे हात केला. "तो बंधाऱ्यात हाय ना. तुमच्या साहेबलोकाईनं नेला. काऊन, तुमाले नाई मालूम?"

बंधारा चैतूनेच आणला होता.

तो चंद्रपूरकडच्या एका सिमेंट कारखान्यात पोती भरायच्या विभागात कामाला. कारखान्यातल्या करिष्मा मॅडमनी थंडीत सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावून सांगितलं होतं, की या वर्षी कंपनी श्रमदानाला तुमच्या गावांना जाणार. पगारी दिवस, बस कंपनीची, सिमेंट कंपनीचं. कामगारांनी गाव सुचवायचं. कोणी बोलेना. मागच्या बाकावरून नथ्थू म्हणाला, "मॅडम, आमच्या गावात फक्त माह्या सासूले मदत पायजे, तिले कोणी नेत असन तर सांगा." सगळे हसले. मॅडमही हसल्या. त्या हसण्यातच चैतू उभा राहिला आणि त्याने मरकेटोल्याचं नाव सांगितलं.

बुधरीची उन्हाळ्यातली सकाळ सगळी नाल्यात जायची. वाळूत खड्डा करायचा, पाणी झिरपायची वाट पाहायची, वाटीने गुंडात, म्हणजे घागरीत भरायचं. तो सुटीवर गेला की ती म्हणायची, "तुही कंपनी एवढं सिमेंट करते, आमच्या नाल्याले एक पोतं नाई देत?" ती थट्टा करायची. ती गेल्यावर त्याला ती थट्टा वाटेनाशी झाली होती.

मग संक्रांतीच्या सुमाराला बस भरून माणसं मरकेटोल्यात आली. ऑफिसातली, लॅबमधली, गोदामातली. मॅडमनी दोन टोळ्या केल्या, निळ्या टी-शर्टची आणि पिवळ्या टी-शर्टची. जी टोळी बंधाऱ्याला जास्त दगड आणेल तिला बक्षीस. माणसं मनापासून राबली. संगणकावर बसणाऱ्यांच्या हाताला फोड आले, पण कोणी बसलं नाही. चैतू दिवसभर चुलीपाशी होता. पाहुण्यांचं जेवण त्याने अंगावर घेतलं होतं. संध्याकाळी त्याच बसने तो परत गेला. झाडाकडे जायला त्याला सवड झाली नाही.

"तू पायत होती, तर अडवलं काऊन नाई?" त्याने सोमारीला विचारलं.

"तुम्हीच तर सांगत फिरले, का साहेबलोक चांगल्या मनानं आले, मधात कोणी बोलू नका म्हणून." सोमारीने पदराने तोंड पुसलं. "अन् मले वाटलं, तुमच्याच मनात हाय. बुधरी पाण्यापायी किती फिरली. मनलं, तिच्या नावाचा बांध करून राह्यले, तर तिचा दगड पायात टाकत असन."

बाकीचे दगड मोठे आणि खोल पुरलेले होते, ते हलले नसते. बुधरीचा हलका होता.

चैतूने मोबाइल काढला. श्रमदानाचा एक फोटो कारखान्यातल्या सगळ्यांकडे होता. कँटीनच्या फलकावरही तोच लावला होता. निळ्या टी-शर्टमधले दोघे हसत हसत एक दगड नाल्याकडे नेत आहेत. रोज जेवायला बसताना चैतू त्या फोटोसमोर बसत असे. त्यातला एक नथ्थू होता म्हणून त्याने तो घरच्यांनाही पाठवला होता. आता त्याने बोटांनी फोटो मोठा केला. दगडावर पांढरी रेघ होती.

सुकलूने मोबाइल हातात घेतला, पाहिला, आणि परत दिला.

सुटी संपवून चैतू कारखान्यात गेला आणि सरळ करिष्मा मॅडमच्या खोलीत गेला. त्याने सगळं सांगितलं. मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी मध्येच बोलणं तोडलं नाही, फोन वाजला तो उचलला नाही. ऐकून झाल्यावर त्यांचे डोळे भरले.

"चैतूभाऊ, आम्हाला कोणीच सांगितलं नाही हो. आम्हाला वाटलं, शेताच्या धुऱ्याचा, हद्दीचा दगड आहे."

"तुमची चूक नाई, मॅडम."

"आपण नवीन करून देऊ. ग्रॅनाइटचा, चांगला, त्यांचं नाव कोरून. मी स्वतः घेऊन येते."

चैतूने मान खाली घातली. सुकलूने त्याला आधीच विचारलं होतं, की दुसरा दगड उभा केला तर ती कोणत्या दगडात राहील? त्याने तेच मॅडमना विचारलं.

मॅडमनी बांधकामाच्या इंजिनिअरला बोलावलं. त्याने फोटो पाहिले. म्हणाला, दगड अगदी तळाच्या थरात असणार, भोवती सगळं काँक्रीट आहे. काढायचा तर भिंतच फोडावी लागेल. फोडली की पाणी जाईल, आणि दगड अख्खा निघेल याची हमी देता येणार नाही.

बाहेर नथ्थू उभा होता. त्याला बातमी लागली होती. एरवी तोंड बंद न ठेवणारा माणूस, पण चैतूच्या खांद्यावर हात ठेवू का नको ठेवू असं करत राहिला.

"चैतूभाऊ, मी घन घेऊन येतो. तू फक्त म्हण. रविवारी जाऊ, आपण दोघंच जाऊ."

"अन् पाणी?"

नथ्थूने हात मागे घेतला.

रविवारी चैतू एकटाच गावी गेला. माथ्यावर ऊन होतं. दर साली या दिवसांत नाला कोरडा पडलेला असतो. या साली बंधाऱ्यामागे कमरेएवढं पाणी होतं. सोमारी आणि बाकीच्या बाया गुंड बुडवून भरत होत्या. वाळूतल्या खड्ड्याशी कोणी बसलं नव्हतं. एक म्हातारी चैतूला पाहून म्हणाली, "चांगलं केलं गा, पोरा." सोमारीने तिला कोपराने ढोसलं.

सुकलू भिंतीवर बसला होता. चैतू त्याच्या शेजारी बसला. पायाखालची भिंत गुळगुळीत होती. तिचं सिमेंट कारखान्याचंच होतं. चैतूनेच भरलेलं पोतंही त्यात असेल.

"दगड तू आणला होता," चैतू म्हणाला. "तू म्हणशीन तसं करू. फोड मनलं तर फोडतो."

"बायको तुमची होती," सुकलू म्हणाला. "तुम्ही सांगा."

"मले नाई समजून राह्यलं."

"मले तरी कुठी समजते." या खेपेला सुकलूने बोचकारलं नाही. "ती असती तर तिनं कोणाले फोडू देलं असतं? अन् नाई फोडलं, तर फुलं कुठी ठेवाची? पाण्यात टाकाची का?"

दोघे तिथेच बसून राहिले. बाया पाणी भरून निघून गेल्या.

कारखान्यात पुढच्या श्रमदानासाठी मॅडमनी पुन्हा गावांची नावं मागितली आहेत. कामाआधी गावच्या म्हाताऱ्यांना बरोबर घेऊन शिवार फिरायचं, असा नवा नियम त्यांनी केला आहे. कँटीनच्या फलकावरचा फोटो काढून टाकला आहे. मरकेटोल्यातला बंधारा उभा आहे. चैतूच्या घरात या साली कोणी मोहफूल तोंडात घातलेलं नाही. द्रोणातली फुलं फळीवर वाळली आहेत. ती बुधरीला अजून द्यायची राहिली आहेत.