शाळेच्या दारावरची पात

आमच्या ओहोईतान गावच्या शाळेत अकरा पोरं आहेत. शहरातल्या शिक्षण खात्याला अकरा फार कमी वाटतात. खात्यातल्या कुणीतरी एक दिवस येऊन ती अकरा पोरं सांभाळून दाखवावीत, मग बोलू.

तर खात्याने ठरवलं की शाळा बंद. पोरांनी डोंगरापलीकडच्या शाळेत जायचं आणि तिथेच वसतिगृहात राहायचं. माझी नात रेगिना सहा वर्षांची आहे, अजून कुशीत आल्याशिवाय तिला झोप लागत नाही. तिची आई खाणीवर कामाला गेली ती तीन वर्षांत परत आलेली नाही. आता लेकीची लेकही द्या म्हणे. बाकं आणि फळा पडावात, म्हणजे खात्याच्या मोठ्या होडीत, घालून न्यायचा, कास्पर गुरुजींची बदली करायची आणि भरपाई म्हणून गावाला होड्या लावायला सिमेंटचा धक्का बांधून द्यायचा, असं सगळं कागदावर छान लिहून आलं होतं.

त्या कागदावर तेते कानिस यांनी सही केली. तेते म्हणजे आजोबा. ते गावातले सर्वांत जुने जाणते आहेत, म्हणून साठीच्या बायकासुद्धा त्यांना तेते म्हणतात. मी त्यांच्या ओट्यासमोर उभी राहून विचारलं, की पोरं गेली की आया जाणार, आयांच्या मागे बाप जाणार, मग तुमच्या धक्क्यावर उतरणार कोण? तेते म्हणाले, पेट्रोनेला, तू आपल्या भाकऱ्या भाज.

भाकऱ्या तर मी भाजतेच. आमच्याकडचा कंद कडू, नुसता खाल्ला तर माणूस मरतो. तो किसायचा, दगडाखाली दाबून रात्रभर पिळायचा, विष काढून टाकायचं आणि उरलेल्याची भाकरी करायची. माझ्या आईने केली, तिच्या आईने केली. असलं खाऊन वाढलेल्या बाईला कागदाची भीती घालू नये.

आमच्या बेटावर एखादी गोष्ट बंद करायची असली की हावेअर बांधतात. हावेअर म्हणजे माडाची कोवळी पिवळी पात. शिंपल्यांच्या खडकांवर बांधली की ती सुटेपर्यंत एका शिंपल्याला कुणी हात लावत नाही. दारावर बांधली तर ते दार ओलांडायचं नाही. जो ओलांडेल त्याला कुणी आपल्या होडीत घेत नाही. पात बांधायचा मान तेतेंचा, तोही विडा ठेवून, पूर्वजांना विचारून. मी कुणालाच विचारलं नाही. पडाव येणार होता त्या दिवशी उजाडताच गेले आणि शाळेच्या दाराला आडवी पात बांधून आले. गाठ पक्की बसली.

पडाव आला. खात्याचे साहेब उतरले, मागून चार खलाशी. खलाशी आसपासच्या गावांतलेच. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि वाळूत बसून विड्या पेटवल्या. साहेबांनी आधी समजावलं, मग दरडावलं, मग स्वतःच पात ओढायला निघाले. तेव्हा त्यांतला म्हातारा खलाशी बसल्या जागेवरून म्हणाला, "तोडा की साहेब. फक्त परत जाताना पोहत जावं लागेल."

साहेबांनी तेतेंना बोलावणं धाडलं. तोवर सगळा गाव पटांगणात जमला होता. ही पात तुम्ही बांधली का, असं साहेबांनी विचारलं. तेतेंनी काही बोलायच्या आत मीच पुढे झाले.

"मी बांधली. दंड असेल तो भरीन, पण सोडणार नाही."

तेते दारापाशी जाऊन गाठ बघून आले. मग म्हणाले, "हिला अधिकार नव्हता." साहेबांचा चेहरा खुलला. तेते पुढे बोलले, "पण बांधली ती बांधली. सोडायची तर डुक्कर कापावं लागेल, आसपासच्या तिन्ही गावांचे जाणते बोलवावे लागतील. आठवड्यात पूर्वेचा वारा सुटेल. तो पडल्याशिवाय कोण येतंय?" त्या वाऱ्यात होड्या सुटत नाहीत, आणि तो पडायला चार महिने लागतात. म्हातारा रीत सांभाळत होता की स्वतःची सही पुसत होता, ते मला अजून कळलेलं नाही.

साहेब म्हणाले, ठीक आहे, बाकं राहू देत, गुरुजी आजच्या आज निघतील. कुठे आहेत?

"मी आत आहे," शाळेच्या आतून आवाज आला.

गुरुजी शाळेच्याच मागच्या खोलीत राहतात. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, आणि रागाच्या भरात माझ्या ध्यानात आलं नव्हतं. लोक फिदीफिदी हसायला लागले. गुरुजी पिशवी घेऊन दाराशी आले आणि पातीपाशी थांबले. तेही याच बेटावरचे, पलीकडच्या किनाऱ्याचे. त्यांच्याच्याने ओलांडवेना. मला हसू आलं नाही. त्यांनी दोन वर्षं बदलीसाठी अर्ज केले होते. पगार उशिरा येतो, छप्पर गळतं, जिच्याशी लग्न ठरलंय ती मुलगी शहरात वाट बघून कंटाळली आहे, हे त्यांनी माझ्याच घरी जेवताना सांगितलं होतं. मी खात्याला अडवायला गेले आणि जाऊ इच्छिणाऱ्या माणसाला कोंडून बसले. लाज वाटली मला.

साहेबांनी इमारतीला एक फेरी मारली. बाजूला खिडकी होती, बिनगजाची, चांगली रुंद. "हिला काही बांधलेलं नाही," ते म्हणाले. "इथून या." खलाशांनीही माना डोलावल्या, खिडकीला हरकत नाही. गुरुजी खिडकीत आले आणि पिशवी चौकटीवर ठेवली. रेगिनाने माझा हात घट्ट धरला.

मी म्हणाले, "गुरुजी, मी दार त्यांच्यासाठी बंद केलं होतं, तुमच्यासाठी नाही. तुम्हाला जायचं तर जा. कुणी नावं ठेवणार नाही."

त्यांनी पडावाकडे पाहिलं, मग पोरांकडे. ती माडाखाली ओळीत उभी होती, कुणी सांगितलेलं नसताना.

"साहेब, बदली मी मागितली होती, खोटं कशाला बोलू," गुरुजी म्हणाले. "पण पोरांच्या डोळ्यांदेखत खिडकीतून पळायची नव्हती मागितली." आणि त्यांनी पिशवी आत ओढून घेतली.

पडाव वळणाआड गेल्यावर गुरुजी त्याच खिडकीतून खाली उतरले, कारण त्यांना आंघोळीला जायचं होतं. पात सुटेपर्यंत शाळा पटांगणातच भरते. तेतेंनी मला दंड ठोठावला: वारा पडेपर्यंत गुरुजींना दोन्ही वेळ मी वाढायचं. चार महिन्यांत काय होईल, पुढच्या पडावातून कोण येईल, गुरुजींचं मन टिकेल का, मला माहीत नाही. रोज सकाळी भाकरी भाजताना मी पूर्वजांना एवढंच सांगते, की यंदा वारा जरा जास्त वाहू द्या.