ते, ती की तो

मास्तरीण सकाळपासून एकच बाही पुन्हा पुन्हा उसवत होती. गणवेश शिवण्यात तिचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं, म्हणून सगळे तिला मास्तरीण म्हणत. बाहीत काही चूक नव्हती. चूक खिडकीबाहेर परसात होती आणि लालभडक तुरा मिरवत हिंडत होती.

तिचा नवरा कामाला होता तो छापखाना बंद पडला, तसं त्याने भिंतीकडे तोंड केलं होतं. दाढी नाही, बोलणं नाही, जेवणाचं ताट तसंच परत. मग एक दिवस उठून बाहेर गेला आणि खोकंभर पिल्लं घेऊन आला. सगळ्या माद्याच, असं विकणाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. नवऱ्याने खुराडं ठोकलं, दाढी केली, दोन घास जास्त खाऊ लागला. वरच्या मजल्यावर घरमालकीण राहायची. ती दवाखान्यात रात्रपाळी करायची आणि सकाळी झोपायची. तिची अट एकच होती: कोंबड्या चालतील, कोंबडा नाही. आरवणं ऐकू आलं की अख्खं खुराडं बाहेर.

पिल्लं लहान होती तोवर ठीक होतं. पिल्लू म्हणजे ‘ते’. आपल्या भाषेने ही पळवाट बरी ठेवली आहे. पण पिसं फुटली की ‘ते’ फार दिवस पुरत नाही. नवरा सर्वांत मोठ्या पिल्लाला ‘ती’ म्हणू लागला, वर नाव ठेवलं राणी. राणीत कोंबड्याचं एकेक लक्षण दिसू लागलं, तशी मास्तरीण धास्तावली. खुराडं गेलं की हा पुन्हा भिंतीकडे तोंड करणार, याची तिला खात्री होती.

‘तुरा बघ तिचा,’ ती म्हणायची. ‘बाकीच्यांचा अजून फिकट आहे.’

‘जात वेगळी आहे. या जातीत माद्यांचाही तुरा मोठा असतो.’

‘आणि पाय?’

‘थोराड आहे जरा.’

‘शेपटीच्या बुडाशी बघ. बाकीच्यांची पिसं गोल, हिची टोकदार. गोल काय नि टोकदार काय, ते मला नको शिकवूस. जन्म गेला कापण्यात. अक्कल गहाण टाकलीस की काय?’

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. आजारातून उठलेल्या माणसाशी असं बोलतात का? नवरा मात्र शीळ घालत दाणे टाकायला गेला.

आणि आज सकाळी, मालकीण पाळीवरून परतल्यावर, परसातून फाटक्या भोंग्यासारखा आवाज आला होता. एकदाच, पण आला होता. तेव्हापासून तिचे कान जिन्याकडे लागले होते. शेवटी दारावर थाप पडलीच. तांबारलेल्या डोळ्यांची मालकीण दारात उभी होती.

‘सकाळी आवाज कसला होता?’

‘तो घसा साफ करत होता,’ मास्तरीण बोलून गेली.

‘तो?’

इतके दिवस जपलेली ‘ती’ ऐन वेळी दगा देऊन गेली. एवढ्यात आतून नवरा पुढे आला.

‘मीच तो, बाई. घसा बसलाय,’ म्हणत त्याने असा काही खोकला काढला की मालकीण दोन पावलं मागे सरली. ‘औषध घ्या हो,’ असं पुटपुटत ती वर गेली.

मास्तरीण नवऱ्याकडे बघतच राहिली. ‘म्हणजे तुला माहीत होतं?’

‘तुऱ्याला रंग चढला तेव्हापासून.’

‘मग माझ्याशी हुज्जत का घालत होतास?’

तो मशीनवरचा दोऱ्याचा तुकडा बोटाला गुंडाळत राहिला. ‘तू भांडायचीस म्हणून. छापखाना सुटल्यापासून तू माझ्याशी पेशंटला भेटायला आल्यासारखी बोलतेस. जेवलास का, झोप लागली का, बरं वाटतंय का. राणीवरून तेवढी माझी अक्कल काढायचीस. तेवढ्यापुरतं वाटायचं, या घरात मी अजून आहे.’

मास्तरणीला रडू आलं आणि रागही आला. इतके महिने तिने एकेक शब्द तोलून वापरला होता. जे औषध म्हणून देत होती तेच त्याला सलत होतं, आणि तिला पत्ता नव्हता.

तेवढ्यात परसात राणी आरवली. या वेळी घसा मोकळा होता, पूर्ण बांग दिली. वर दार वाजलं आणि जिन्यावरून चपला तावातावाने खाली येऊ लागल्या.

मास्तरणीच्या ओठांवर काहीतरी मायेचं आलं होतं. ते तिने गिळलं.

‘शुंभासारखा उभा काय राहतोस?’ ती म्हणाली. आवाज ओला होता, पण चढा होता. ‘तू आणलास ना? मग दार तूच उघड आणि तोंडही तूच उघड. त्याला कुणाकडे नेऊन सोडायचं ते तुझं तू बघ. पण बाकीच्या कोंबड्या इथून हलता कामा नयेत, सांगून ठेवते.’

‘बरं,’ नवरा म्हणाला आणि हसू दाबत दार उघडायला गेला.